आकाशांतील कुंपण

खेळ हा खेळणारांचा कीं पाहणारांचा, या प्रश्नाकडे तत्त्वज्ञांनीं फारसें लक्ष दिलेलें नाहीं; परंतु वकिलांनीं मात्र तो गेलीं शंभर वर्षें पुरेपूर घोळला आहे. आपल्याकडे जत्रेंतील कुस्त्यांचा फड पूर्वीं उघड्या माळावर पडे. हलगी वाजूं लागली म्हणजे चार गांवचे लोक गोळा होत. ज्यास पुढें जागा मिळे तो पुढें बसे, ज्यास न मिळे तो झाडावर चढे, आणि पैलवानाचें इनाम गांवच्या वर्गणींतून निघे. पाहणारापासून दाम घ्यावा हा विचार सुचण्यापूर्वीं माळाभोंवतीं कनात लागावी लागली. कनात लागली, तिला दार पडलें, दाराशीं तिकिटें फाडणारा उभा राहिला, आणि 'पाहणें' ही विकाऊ वस्तु झाली. पुढील सर्व तंट्यांचें मूळ या कनातींत आहे. कनातीवरून डोकावणारा मनुष्य हा चोर कीं नुसता उंच, एवढाच काय तो वाद. मात्र दरम्यानच्या काळांत ही कनात मैदानावरून उठून आकाशांत गेली आहे.

या वादाचा पहिला नमुनेदार खटला फुटबॉलचा नव्हे, घोड्यांच्या शर्यतींचा आहे. ऑस्ट्रेलियांत सिडनी शहरीं व्हिक्टोरिया पार्क नांवाचें शर्यतींचें मैदान होतें. त्याच्या शेजारीं टेलर नांवाच्या गृहस्थाची जागा होती. त्यानें आपल्या आवारांत एक उंच मचाण उभारूं दिलें. त्यावर बसून अँगल्स नांवाचा वर्णनकार शर्यतींचें धावतें वर्णन करी, आणि एक नभोवाणी केंद्र तें घरोघर पोंचवी. लोक घरच्या घरीं शर्यती ऐकूं लागले, मैदानावरील गर्दी रोडावली, आणि मैदानाच्या कंपनीनें दावा लावला. १९३७ सालीं ऑस्ट्रेलियाच्या सर्वांत वरच्या न्यायालयानें तीन विरुद्ध दोन मतांनीं तो फेटाळला. मुख्य न्यायाधीश लेथम यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा कीं, देखाव्यावर कोणाची मालकी नसते. आपल्या जमिनीवरून जें दिसतें तें पाहण्यास व इतरांस सांगण्यास कायद्याची आडकाठी नाहीं. कंपनीला तें खपत नसेल तर तिनें आपलें कुंपण उंच करावें. विरुद्ध मत देणारांपैकीं न्यायमूर्ति रिच यांनीं मात्र एक दूरचा इशारा देऊन ठेविला. चित्रवाणी येऊं घातली आहे, ती आल्यावर या निकालाचें महत्त्व फार वाढेल, असें त्यांचें म्हणणें होतें. न्यायाधीशांच्या भविष्यांपैकीं खरीं ठरलेलीं भविष्यें मोजकींच असतात. हें त्यांपैकीं एक होय.

'कुंपण उंच करा' हा सल्ला वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें जें जें घडलें तें या एका वाक्याचा विस्तार आहे.

आपल्या देशांत हा वाद उशिरां आला, कारण येथें कुंपण, दार व तिकिट फाडणारा हीं तिन्ही एकाच धन्याचीं होतीं. १८८५ सालच्या इंडियन टेलिग्राफ अॅक्टाच्या चौथ्या कलमानें तार उभारण्याचा, राखण्याचा व चालविण्याचा अनन्य अधिकार सरकारास दिला होता. तो कायदा झाला तेव्हां मार्कोनी अकरा वर्षांचा होता. पुढें 'तार' या शब्दाच्या पोटांत बिनतारी संदेश, नभोवाणी व चित्रवाणी हीं सारीं जाऊन बसतील अशी कल्पना तो लिहिणारास असणें शक्य नव्हतें. तरी त्याच कायद्यावर शंभराहून अधिक वर्षें राज्य चाललें. त्याच्या जागीं नवा दूरसंचार कायदा संसदेनें केला तो २०२३ सालीं. १९३४ मध्यें मुंबईच्या चौरंगी क्रिकेट सामन्यांचें धावतें वर्णन ए. एफ. एस. तल्यारखान यांनीं नभोवाणीवरून केलें. दिवसभर एकट्यानें बोलत राहण्याची त्यांची हातोटी पुढें दंतकथेसारखी झाली. त्या वेळीं वर्णनाच्या हक्काबद्दल कोणीं न्यायालयांत गेल्याचें ऐकिवांत नाहीं. जेथें ऐकविणारा एकच असतो, तेथें हक्काचा बाजार भरत नाहीं.

चित्रवाणीची गोष्ट त्याहून निराळी होती, आणि तिचा निराळेपणा कर्जत-खालापूरच्या भागांतील माणसास कायदा न वाचतांहि कळत होता. दूरदर्शनचें मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. पुढच्याच वर्षीं सिंहगडावर मनोरा उभा राहून पुणें त्याच्या टप्प्यांत आलें. सिंहगडाचें जुनें नांव कोंढाणा. राजमाचीच्या पायथ्याशीं, उल्हास नदीच्या खोऱ्यांत आमचें कोंडाणें आहे. नांवें सख्ख्या बहिणींसारखीं, पण नशिबें वेगळीं. मनोऱ्यावरून निघणारी चित्रवाणीची लहर बहुतांशीं सरळ रेषेंत जाते. ती नभोवाणीच्या मध्यम लहरीसारखी डोंगराला वळसा घालून येत नाहीं. कोंढाणा डोंगराच्या माथ्यावर आणि कोंडाणें डोंगराच्या पोटांत. पश्चिमेस माथेरान, प्रबळ, इर्शाळ यांची रांग आणि पूर्वेस सह्याद्रीची भिंत, अशा खोलगटांत वसलेल्या गांवांनीं बांबूच्या उंच काठीवर एरियल बांधून कितीहि फिरविला तरी पडद्यावर मुंग्याच फार आणि माणसें थोडीं, असा अनुभव या भागांत सामान्य होता. येथें कुंपण सरकारनें घातलेलें नव्हतें, सह्याद्रीनें घातलेलें होतें.

तें कुंपण मोडलें उपग्रहानें. विषुववृत्ताच्या वर सुमारें ३६,००० किलोमीटरवर जो उपग्रह पृथ्वीच्या गतीनेंच फिरतो, तो आपणांस आकाशांत एके जागीं खिळल्यासारखा असतो. त्याची लहर वरून येते, त्यामुळें तिला माथेरानची अडचण नाहीं. कोंडाण्याच्या छपरावरील छत्री ९३.५ अंश पूर्व रेखांशावरील भारतीय उपग्रहाकडे लावावयाची तर ती आग्नेयेस वळवून क्षितिजापासून जवळजवळ साठ अंश वर उचलावी लागते. इतक्या चढणीवर राजमाचीहि आड येत नाहीं. परंतु उपग्रहानें जसें डोंगराचें कुंपण मोडलें, तसें देशांच्या सीमांचेंहि मोडलें. लहरीला नाका नसतो आणि जकातहि नसते. १९९० सालीं एशियासॅट-१ हा उपग्रह गेला, १९९१ सालीं हाँगकाँगहून 'स्टार'चें प्रक्षेपण सुरू झालें, आणि त्याच वर्षाच्या आरंभीं आखातांतील युद्धाचीं चित्रें मुंबईच्या बड्या हॉटेलांत परदेशी वाहिनीवर लोकांनीं पाहिलीं. मग गल्लींतील एखादा होतकरू तरुण गच्चीवर मोठी छत्री उभारी, झाडांवरून व सज्जांवरून तारा ओढी, आणि महिन्याकांठीं थोडक्या रुपयांत परदेशी कार्यक्रम घरोघर देई. कोणाच्या परवानगीनें? टेलिग्राफचा कायदा पाहतां कोणाच्याहि नाहीं. या धंद्याला कायद्याचें रूप मिळालें तें १९९४ च्या वटहुकुमानें व १९९५ च्या केबल कायद्यानें. तोंपर्यंत धंदा पुढें व कायदा मागें, असा प्रकार होता.

या घालमेलींतच आपला पहिला मोठा खटला जन्मला.

१९९३ सालच्या नोव्हेंबरांत बंगालच्या क्रिकेट संघटनेनें आपल्या हीरक महोत्सवानिमित्त पांच देशांचे सामने भरविले. पुरस्कर्त्या कंपनीवरून ते 'हिरो कप' म्हणून ओळखले गेले. तोंवरचा रिवाज असा कीं, सामने चित्रवाणीवर दाखवावयाचे तर संघटनेनेंच दूरदर्शनला खर्चापोटीं रक्कम द्यावयाची. एका सामन्यास पांच लाख रुपये असा आंकडा त्या काळीं बोलला जाई. ज्याच्या घरीं लग्न त्यानें वाजंत्र्यास बिदागी द्यावी हें रीतीस धरूनच आहे. परंतु येथें वाजंत्री गांवांत एकच होता, आणि दुसरा बाहेरून आणण्यास बंदी होती. संघटनेनें दुसरा आणला. ट्रान्स वर्ल्ड इंटरनॅशनल या परदेशी कंपनीला तिनें प्रक्षेपणाचे हक्क विकले. आतां पैसे देण्याऐवजीं घेण्याची वेळ आली, आणि दूरदर्शन रुसलें. सरकारी परवान्यावांचून परदेशी कंपनीला येथून उपग्रहाकडे चित्रें पाठवितां येणार नाहींत, असें सरकारचें म्हणणें पडलें. कंपनीचें साहित्य कस्टम्सनें अडकविलें. संघटना कलकत्त्याच्या उच्च न्यायालयांत गेली, प्रकरण तांतडीनें सर्वोच्च न्यायालयांत आलें, आणि १५ नोव्हेंबर १९९३ रोजीं अडकविलेलें साहित्य सोडण्याचा हुकूम झाला. २४ नोव्हेंबरला ईडन गार्डन्सवर उपांत्य सामन्यांत शेवटच्या षटकांत दक्षिण आफ्रिकेस सहा धावा हव्या होत्या. तें षटक सचिन तेंडुलकरनें टाकलें आणि भारत दोन धावांनीं जिंकला. तो प्रसंग ज्यांनीं डोळ्यांत प्राण आणून पाहिला, त्यांस त्या स्पर्धेमागें न्यायालयांत काय काय चाललें होतें याची वार्ताहि नसावी.

सामने संपले, तत्त्वाचा प्रश्न उरला. त्याचा निकाल ९ फेब्रुवारी १९९५ रोजीं लागला. मुख्य निकालपत्र न्यायमूर्ति पी. बी. सावंत यांनीं स्वतःच्या व न्यायमूर्ति एस. मोहन यांच्या वतीनें लिहिलें, न्यायमूर्ति बी. पी. जीवन रेड्डी यांनीं सहमतीचें पण स्वतंत्र पत्र जोडलें. सावंत हे मुंबईच्या वकिलींतून व मुंबईच्या उच्च न्यायालयांतून वर गेलेले महाराष्ट्रीय. पुढें ते वृत्तपत्र परिषदेचे अध्यक्ष झाले, आणि २०२१ सालीं पुण्यांत वारले. मराठी वाचकांस त्यांची ओळख बहुधा सार्वजनिक चळवळींमुळें आहे. माझ्या मतें त्यांच्या कीर्तीस हा एक निकालहि पुरेसा आहे.

निकालाचें सार थोडक्यांत असें: आकाशांतील लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्यांची संख्या मर्यादित असल्यामुळें त्यांचें नियमन झालेंच पाहिजे, पण तें लोकांच्या हिताकरितां, सरकारच्या सोईकरितां नव्हे. राज्यघटनेनें दिलेल्या भाषणस्वातंत्र्यांत माहिती देण्याचा व ती मिळविण्याचा, दोन्ही हक्क येतात. खेळ दाखविणें व पाहणें हेंहि त्यांतच मोडतें. म्हणून सरकारची मक्तेदारी टिकणारी नाहीं. सरकारपासून स्वतंत्र असें सार्वजनिक मंडळ नेमून त्याच्या हातीं हें नियमन द्यावें. जीवन रेड्डींनीं यास एक महत्त्वाची पुरवणी जोडली. घटनेंतील भाषणस्वातंत्र्यामुळें कोणासहि स्वतःचें खाजगी प्रक्षेपणकेंद्र काढण्याचा हक्क आपोआप मिळतो असें नाहीं, असें त्यांनीं बजाविलें.

हा निकाल वर्तमानपत्रांतून 'सरकारचा पराभव' म्हणून गाजला, आणि त्या गाजण्यांत त्याचें अर्धें अंग झांकलें गेलें. लहरी सार्वजनिक आहेत याचा अर्थ त्या सरकारच्या नाहींत असा जितका होतो, तितकाच त्या शेठजींच्याहि नाहींत असा होतो. न्यायमूर्तींच्या डोळ्यांपुढें तिसरा कोणी होता. तो म्हणजे पाहणारा. त्या तिसऱ्याचें पुढें काय झालें? १९९० सालीं मंजूर होऊन बासनांत पडलेला प्रसारभारतीचा कायदा १९९७ सालीं अंमलांत आला. स्वतंत्र नियामक मंडळ मात्र निघालें नाहीं. प्रक्षेपणाचें नियमन २००४ सालीं टेलिफोनसाठीं नेमलेल्या 'ट्राय'कडेच सोंपविण्यांत आलें. बाकीचें काम बाजारानें केलें.

बाजार काय करतो हें पाहावयाचें तर क्षणभर इंग्लंडांत जावें लागेल. पोर्ट्समथ शहराच्या साउथसी भागांत 'रेड, व्हाइट अँड ब्लू' नांवाचा एक गुत्ता होता. तो कॅरन मर्फी नांवाच्या बाई चालवीत. इंग्लंडांत शनिवारीं दुपारीं फुटबॉल व हातांत पेला हीं दोन्हीं बरोबरच लागतात, हें ज्यांनीं तो देश पाहिला आहे त्यांस सांगावयास नको. परंतु इंग्लंडांतील प्रीमियर लीगचे सामने दाखविण्याचा हक्क तेथें स्काय या कंपनीकडे, आणि तिचा दर गुत्तेवाल्यांना भारी. लीग आपले हक्क देशवार विकत असे. ग्रीसमध्यें तेच सामने 'नोव्हा' नांवाच्या कंपनीनें घेतले होते, आणि तेथील गिऱ्हाइकांची ऐपत व ओढ पाहून दर कितीतरी कमी ठेविला होता. मर्फीबाईंनीं ग्रीक कार्ड आणि यंत्र मिळविलें, त्याचे रीतसर पैसे भरले, आणि इंग्लंडांत खेळला जाणारा सामना ग्रीसच्या वाटेनें इंग्लंडांत पाहण्यास सुरुवात केली. समालोचन ग्रीक भाषेंत. पण गोल झाला हें समजण्यास भाषा लागत नाहीं.

यांत आणखी एक खोंच होती. शनिवारीं पावणेतीनपासून सव्वापांचपर्यंत इंग्लंडांत कोणताहि फुटबॉल सामना थेट दाखवावयाचा नाहीं, असा नियम १९६० च्या सुमारास बर्न्ली क्लबचे अध्यक्ष बॉब लॉर्ड यांच्या आग्रहानें पडला. हेतु चांगला होता. मोठ्या क्लबाचा सामना घरीं दिसला तर गांवच्या लहान क्लबाच्या मैदानावर कोण जाईल? परंतु ग्रीसमध्यें हा नियम लागू नव्हता. म्हणजे इंग्लंडांतील मनुष्यास पैसे टाकूनहि जो सामना घरीं दिसेना, तो अथेन्समधील मनुष्य, आणि त्याच्या कृपेनें साउथसीचा मनुष्य, खुशाल पाहत असे.

बाईंवर फिर्याद झाली. १९८८ च्या कॉपीराइट कायद्यांत, दाम चुकविण्याच्या हेतूनें प्रक्षेपण लबाडीनें पाहणें हा गुन्हा आहे. त्याखालीं दंड व खर्च मिळून सुमारें ८,००० पौंडांचा बोजा त्यांच्यावर पडला. त्यांनीं तो निमूट भरला असता तर जगाला त्यांचें नांव कळलें नसतें. त्या अपिलांत गेल्या, आणि वरवर चढत प्रश्न लक्झेंबर्ग येथील युरोपियन न्यायालयापुढें पोंचला. तेथें ४ ऑक्टोबर २०११ रोजीं निकाल झाला. एका सभासद-देशांत कायदेशीरपणें विकलेलें कार्ड दुसऱ्या देशांत वापरण्यास बंदी घालणें हें युरोपांतील सेवांच्या मुक्त संचाराविरुद्ध आहे. आणि आपल्या देशाबाहेर कार्ड विकूं नये अशी जी अट लीगनें प्रक्षेपकांवर घातली होती ती स्पर्धेचा गळा दाबणारी आहे, असें न्यायालयानें ठरविलें. पुढें २४ फेब्रुवारी २०१२ रोजीं लंडनच्या उच्च न्यायालयानें बाईंची शिक्षा रद्द केली. सिडनीच्या निकालांतील भाषेंत बोलावयाचें तर कुंपण पुरेसें उंच होतें, त्याला कुलूपहि होतें. परंतु बाईंजवळ किल्ली होती, आणि ती चोरलेली नसून विकत घेतलेली होती.

या निकालांतील एक बारकावा कायद्याच्या विद्यार्थ्यांनाच नव्हे तर सर्वांनाच गोड वाटेल. फुटबॉलचा सामना ही 'कृति' आहे काय? कृति असेल तर तिला कर्ता हवा, आणि कर्ता असेल तर त्याला कर्त्याचा हक्क. न्यायालय म्हणालें, नाहीं. सामना नियमांनीं बांधलेला असतो, कायद्याला अभिप्रेत असलेली निर्मितीची मोकळीक त्यांत नाहीं. मात्र प्रक्षेपणाच्या आरंभीं वाजणारें लीगचें गीत, तिचें बोधचिन्ह, मधून मधून झळकणारीं आलेखचित्रें या कृति आहेत, आणि गुत्त्यांत जमलेल्या मंडळींपुढें त्या दाखवावयाच्या तर परवानगी पाहिजे. म्हणजे बाई सुटल्या, पण गुत्त्यांत ग्रीक कार्ड लावण्याची वाट पूर्ण मोकळी झाली असें नव्हे. नव्वद मिनिटांचा खेळ कोणाचाच नाहीं, आणि अर्ध्या मिनिटाचें गीत मात्र धन्याचें! आमच्या कोंडाण्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागांत एका भग्न मूर्तीजवळ ब्राह्मी लिपींत एक ओळ कोरलेली आहे. कण्हाचा शिष्य बलक यानें हें केलें, एवढाच तिचा अर्थ. लांकडी बांधणीची हुबेहूब नक्कल दगडांत उतरविणाऱ्या त्या कारागिरानें दोन हजार वर्षांपूर्वीं कर्त्याचा हक्क असा एका ओळींत सांगून टाकला, आणि पाहणारावर कसलीहि अट घातली नाहीं. त्याच्या कलेला कर्ता होता. सामन्याला बावीस खेळाडू असतात, पंच असतात, पण बलक नसतो.

आतां कोल्हापूरच्या पेठांतील एखादा फुटबॉलवेडा विचारील, हें ग्रीसचें औषध आम्हांला कां लागू नाहीं? उत्तर असें कीं, आपणांस शेजारीं स्वस्त ग्रीस नाहीं, आणि युरोपासारखी सामाईक पेठहि नाहीं. उलट या व्यापारांत शेजाऱ्यांचे ग्रीस आपणच आहों. ही गोष्ट ज्या प्रकरणानें उघड झाली त्याचा एक टोंक नागपुरांत आहे.

दूरदर्शनचीं उपग्रहावरून येणारीं चित्रें कुलूपबंद नसत. ज्याच्याजवळ छत्री असेल त्यानें तीं घ्यावीं. कोंडाण्याच्या दृष्टीनें ही धर्मशाळाच होती. परंतु उपग्रहाच्या प्रकाशाचा झोत भारताच्या नकाशावर कात्रीनें कापल्यासारखा पडत नाहीं. शेजारच्या देशांतहि तो सांडतो. ज्या कंपनीनें भारताचे हक्क भारतांत व शेजारच्या देशांचे हक्क तेथें वेगवेगळे विकले, तिचें गिऱ्हाइक तेथें दूरदर्शन फुकट पाहूं लागलें तर तिचा धंदा बसतो. २००४ सालीं भारतीय संघ पाकिस्तानांत गेला तेव्हां हक्क दुबईच्या टेन स्पोर्ट्सकडे होते. मद्रासच्या उच्च न्यायालयापासून सुरू झालेला वाद सर्वोच्च न्यायालयांत गेला, आणि टेन स्पोर्ट्सचें बोधचिन्ह व तिच्याच जाहिराती यांसकट तें प्रक्षेपण दूरदर्शननें दाखवावें अशी तडजोड तेथें झाली. पुढें ११ नोव्हेंबर २००५ रोजीं सरकारनें नियम केला कीं, राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचीं चित्रें हक्कदारानें प्रसारभारतीस दिलींच पाहिजेत.

२००६ सालीं मुंबईच्या निंबस कंपनीनें भारतांतील क्रिकेटचे चार वर्षांचे हक्क ६१ कोटी २० लक्ष डॉलरांहून अधिक रकमेस घेतले. २१ जानेवारी २००७ रोजीं नागपुरास वेस्ट इंडीजविरुद्ध एकदिवसीय सामना झाला. भारताच्या ३३८ धावा, पाहुण्यांच्या ३२४. बऱ्याच काळानें संघांत परतलेल्या गांगुलीच्या ९८, चंद्रपालच्या नाबाद १४९. असा चुरशीचा सामना, आणि तो दूरदर्शनवर थेट दिसला नाहीं. ज्यांच्या घरीं पैसे भरून घेतलेली वाहिनी होती त्यांनीं पाहिला. बाकीच्यांनीं धांवसंख्या विचारली. वाद दिल्लीच्या उच्च न्यायालयांत गेला, आणि पुढील सामने दूरदर्शननें सात मिनिटें उशिरानें दाखवावे असा मधला मार्ग निघाला. सात मिनिटें! षट्कार शेजारच्या घरांतील आरोळींतून आधीं कळावा आणि डोळ्यांना मागून दिसावा, ही न्यायाची तऱ्हा विनोदी खरी. पण गरिबाला खेळ दिसावा आणि श्रीमंताला तो आधीं दिसावा, या दोन्ही मागण्या एका हुकुमांत बसवावयाच्या म्हटल्यावर दुसरें काय होणार?

सरकारनें मग वटहुकूम काढला, आणि मार्च २००७ मध्यें त्याचा कायदा झाला. त्याला २००५ च्या ११ नोव्हेंबरपासूनचा मागील अंमल देण्यांत आला. राष्ट्रीय महत्त्वाच्या म्हणून जाहीर झालेल्या सामन्यांचीं चित्रें, हक्कदाराच्या जाहिराती वगळून, प्रसारभारतीस द्यावयाचीं. दूरदर्शनला त्यावर जें जाहिरातींचें उत्पन्न होईल त्यांतील किमान ७५ टक्के हक्कदारास, उरलेलें प्रसारभारतीस. नभोवाणीस ही वांटणी निम्मी-निम्मी. तत्त्व म्हणून हा कायदा मला न्याय्य वाटतो. १९९५ च्या निकालांत पाहणारास जें स्थान दिलें गेलें होतें, तें येथें प्रथमच हिशेबाच्या वहींत उतरलें.

पण कायद्याचीं अक्षरें बारीक असतात. केबल कायद्याच्या आठव्या कलमानें दूरदर्शनच्या ठराविक वाहिन्या प्रत्येक केबलवाल्यानें दाखविल्याच पाहिजेत. मग हक्कदारानें दूरदर्शनला दिलेला सामना त्या वाटेनें केबलच्या सर्व घरांत फुकट पोंचतो, आणि हक्कदाराची स्वतःची महाग वाहिनी कोण घेणार? क्रिकेट नियामक मंडळ व ईएसपीएन यांनीं हा प्रश्न काढला. दिल्लीच्या उच्च न्यायालयानें फेब्रुवारी २०१५ मध्यें त्यांच्या बाजूनें निकाल दिला, आणि २२ ऑगस्ट २०१७ रोजीं न्यायमूर्ति रंजन गोगोई व नवीन सिन्हा यांनीं तोच कायम केला. प्रसारभारतीस मिळालेलीं चित्रें तिनें स्वतःच्या जमिनीवरील मनोऱ्यांवरून आणि स्वतःच्या छत्रीसेवेवरून दाखवावीं; केबलवाल्यास देऊं नयेत. कायद्याचे शब्द पाहतां निकाल चुकला असें म्हणतां येत नाहीं. तिसऱ्या कलमांत खरोखरच तेवढें लिहिलें आहे. परंतु त्यानंतर प्रसारभारतीनें जुने मनोरे एकामागून एक बंद केले. २०२२ पर्यंत त्यांतले थोडे अपवाद वगळतां बाकी सर्व थांबले. म्हणजे न्यायालयानें ठेविलेल्या दोन वाटांपैकीं एक जवळजवळ बुजली. राहिली छत्री: डिसेंबर २००४ मध्यें सुरू झालेली दूरदर्शनची बिनमासिकशुल्काची सेवा, जिला आज 'फ्री डिश' म्हणतात.

दरम्यान बाजाराचा आंकडा कोठें गेला तेंहि पाहण्यासारखें आहे. ज्या खेळाच्या एका सामन्यास संघटनेकडून पांच लाख मागितले जात, त्याच खेळाच्या आयपीएल या एका स्पर्धेचे २०२३ ते २०२७ या पांच वर्षांचे हक्क २०२२ सालीं ४८,३९० कोटी रुपयांस गेले. या स्पर्धेस २००७ चा कायदा लागू नाहीं, कारण राष्ट्रीय महत्त्वाच्या यादींत ती नाहीं. हक्क घेणारे मुख्य दोघे होते, चित्रवाणीचे स्टार व मोबाइलवरचे व्हायाकॉम-१८. नोव्हेंबर २०२४ मध्यें ते दोघे एक झाले. १९९३ सालीं गांवांत एकच वाजंत्री होता म्हणून संघटना न्यायालयांत गेली होती. इतक्या खटाटोपानंतर वाजंत्री पुन्हां जवळजवळ एकच उरला आहे. बदल एवढाच कीं, तो आतां सरकारी नाहीं, आणि बिदागी लग्नघराकडून न घेतां वऱ्हाडाकडून घेतो.

या साऱ्याचा परिणाम खोऱ्यांतील छपरांवर चमत्कारिक झाला आहे. कर्जत पेठेंत केबलचे महिन्याचे पैसे भरणाऱ्या घरीं भारताचा विश्वचषकाचा सामना लागावा म्हणून दूरदर्शनची वाहिनी लावली, तर तेथें सामना नसून दुसराच एखादा कार्यक्रम चालू असतो. सामना पाहावयाचा तर हक्कदाराची वाहिनी निराळे पैसे देऊन घ्यावी लागते. डोंगराकडेच्या वाडीवर कौलांत खोंचलेली फ्री डिशची छत्री आग्नेयेकडे तोंड करून बसलेली असते. तेथें तोच सामना फुकट दिसतो. आणि रात्रीचा इंग्लंडमधील फुटबॉल पाहावयाचा झाला, तर पेठेंत त्यासाठीं आणखी पैसे, आणि वाडीच्या छत्रींत तो कोठेंच नाहीं.